थंडीत पाळणे बंद?

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दिल्लीच्या द्वारकेतली सकाळ कानांनी ओळखायची असते. पालमला उतरणारी विमानं आमच्या सेक्टरावरून इतकी खालून जातात की पोरांना त्यांची चाकं मोजता येतात. एक गेलं की दोनेक मिनिटांत दुसरं. धुकं पडलं की हे अंतर वाढत जातं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग नुसतीच शांतता. रजाईतून हात बाहेर न काढता मला कळतं, आज खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसणार नाही.

दिल्लीतल्या बहुतेक शाळांना नेमकी याच पंधरवड्यात थंडीची सुट्टी असते. म्हणजे वर्षातले सगळ्यात गारठ्याचे दिवस आणि मुलं चोवीस तास घरात. माझ्या मुलीनं सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी मागणी ठेवली, झुल्यांच्या पार्कात जायचं. मी विषय खाली उन्हात नेला. थंडीत आमच्या सोसायटीचं खरं कामकाज बागेतल्या उन्हाच्या पट्ट्यात चालतं. खुर्च्या उन्हाबरोबर सरकत जातात, भुईमुगाच्या टरफलांचे ढीग होतात, कुणाच्या तरी मांडीवर विणकाम असतं. तिथं मत एकमुखी पडलं. "इतनी ठंड में झूला? बच्ची को निमोनिया करवाओगी?" चौथ्या मजल्यावरच्या आंटींचं तर म्हणणं असं की, ही पार्कं सरकारनंच डिसेंबर-जानेवारीत बंद ठेवायला लावली पाहिजेत.

संध्याकाळी सोलापूरला फोन केला तेव्हा आईच्या कानावर घातलं. तिला आधी नीट कळलंच नाही. मग म्हणाली, "थंडीत पाळणे बंद? मग उघडायचे कधी, पावसात?"

त्या एका प्रश्नानं मला कामाला लावलं.

आईचं म्हणणं सोलापूरच्या कुणालाही पटेल. आमच्या गावात पाळणे येतात तेच मुळी संक्रांतीला. सिद्धेश्वराची यात्रा, गावच्या बोलीत गड्डा. नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, मग अक्षता, होम आणि शोभेचं दारूकाम. देवाचं हे सगळं रीतसर चालू असतं आणि शेजारी होम मैदानावर माणसांचं चालू असतं: पाळणे, मौत का कुआँ, हसवणारे आरसे, फुटाणे, भेंडबत्तासे. आईच्या लहानपणी तिथला पाळणा लाकडी होता. मोजून चार खोके, जाड आरे, वीज नाही की इंजिन नाही. दोन माणसं आऱ्यांवर चढायची, वर गेलेल्या आऱ्याला लोंबकळून आपल्या वजनानं तो खाली आणायची, जमिनीला पाय टेकायच्या आत त्याला सोडून पुढचा आरा पकडायची. ऐन जानेवारीत उघड्या अंगानं, घामानं निथळत. आई म्हणते, थंडी वाजायची ती बसणाऱ्यांना, आणि तीही पाळणा वर गेल्यावर.

जत्रांचा हंगाम थंडीतच का, याचं उत्तर शेतात आहे. खरीप पदरात पडलेला, रब्बीची ज्वारी हुरड्यात, नद्या-ओढे ओसरलेले, गाडीरस्ते कोरडे. हातात चार पैसे आणि जायला वाट, दोन्ही एकदमच मिळतं. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, माळेगावला खंडोबाची, डिसेंबरात मुंबईत माहीमच्या दर्ग्याचा उरूस आणि त्याला लागून वाळूवरचे पाळणे. तमाशाचे फड दसऱ्याला निघतात आणि वैशाखापर्यंत फिरतात. १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी आपली सर्कस उभी केली, तेव्हापासून तंबूवाल्यांचंही गणित तेच. भिजलेला तंबू उचलवत नाही आणि चिखलात खांब धरत नाही. मराठी मुलखात करमणुकीला कुलूप लागतं ते आषाढात.

पण पावसाळा अगदीच सुना नसे. त्याच्या वाट्याला झोका होता. नागपंचमीला झाडाला बांधलेला दोर, माहेरवाशिणी, उंच जायची ईर्ष्या. दिल्लीतही तसंच. मेहरौलीत 'फूलवालों की सैर' भरते ती पाऊस सरता सरता. दुसऱ्या अकबरशहाच्या काळात, १८१२च्या सुमारास ती सुरू झाली. इंग्रजांनी १९४२मध्ये बंद पाडली, नेहरूंच्या काळात पुन्हा उभी राहिली. योगमाया मंदिराला फुलांचा पंखा, बख्तियार काकींच्या दर्ग्याला फुलांची चादर, आणि आमराईत टांगलेले झोके. त्या झोक्यांवर लाल किल्ल्यातल्या बेगमाही बसत. एकूण आपल्याकडची वाटणी सरळ होती. दोराचा झोका पावसाळ्यात आणि लाकडाचं चाक हिवाळ्यात.

त्या चाकाला मराठीत रहाटपाळणा म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. संस्कृतातला अरघट्ट घासून घासून रहाट झाला, विहिरीवर पाणी ओढणारा. त्याच्या गाडग्यांच्या जागी माणसं बसवली की झाला रहाटपाळणा. भरलेली वर येतात, रिकामी खाली जातात, फक्त इथं भरलेल्यांनी किंचाळायचं. आमच्या द्वारकेत सेक्टर १२मध्ये लोदी काळातली एक जुनी बावडी आहे, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली. तिच्या पायऱ्यांपाशी उभं राहिलं की द्वारका हे पापनकलाँ नावाचं रान होतं तेव्हाचं पाणी आठवावं लागतं. कल्पनेतच, कारण आता तिथं गाडगी बुडवण्याजोगं काही नाही. चाकावर माणसं बसवायची युक्ती कुणाला आधी सुचली हे सांगणं अवघड. पण पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं १६२० साली तुर्की अमलातल्या फिलिपोपोलिसमध्ये, म्हणजे आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिवमध्ये, असं चाक पाहून वर्णन लिहून ठेवलंय. शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसनं २६४ फुटांचं पोलादी चाक उभारलं ते १८९३चं. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. नाव मात्र त्याचंच झालं.

चाकाचा वंश शेतीचा निघाला. पार्कातला दुसरा मानकरी म्हणजे रोलर कोस्टर. त्याचा वंश शोधायला गेले आणि चौथ्या मजल्यावरच्या आंटींना काय सांगावं ते कळेना. कारण तो जन्मलाच बर्फात.

सतराव्या-अठराव्या शतकात रशियात, पुढे सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, लोक हिवाळ्यात लाकडी डोंगर उभारत. वासे रोवून सत्तर-ऐंशी फुटांचा चढ करायचा, उतारावर फळ्या ठोकायच्या आणि त्यांच्यावर पाणी ओतत राहायचं. रात्रीतून बर्फाची जाड कातडी धरे. घसरायला गाडी म्हणजे बर्फाचाच एक ठोकळा. त्याला वरून खळगा पाडायचा, बूड गारठू नये म्हणून त्यात गवत आणि लोकर भरायची, धरायला एक दोरी. खाली पोचल्यावर वेग मोडायला वाळू पसरलेली असे. वसंताच्या आधीच्या मास्लेनित्सा सणात या डोंगरांवर झुंबड उडायची. आपल्या शिमग्याची आठवण यावी असा तो सण आहे, पोळ्यांऐवजी धिरड्यांसारखे ब्लीनी आणि शेवटी हिवाळ्याच्या बाहुलीचं दहन.

कॅथरिन राणीला हे घसरणं इतकं आवडलं की बर्फ वितळल्यावरही ते हवं म्हणून ओरानिएनबाउमच्या राजवाड्यात तिनं लाकडी उतारावर चाकांच्या गाड्या चालवल्या. तिथला निळा-पांढरा मंडप अजून उभा आहे, उतार गेला. मग नेपोलियनची युद्धं झाली, रशियन फौजा पॅरिसपर्यंत पोचल्या, आणि १८१७मध्ये पॅरिसच्या बेलव्हिल भागात 'रशियन डोंगर' उघडले. त्यांच्या गाड्यांची चाकं रुळात अडकवलेली होती. बर्फाचा संबंध इथं कायमचा सुटला. फ्रेंच माणूस आजही रोलर कोस्टरला रशियन डोंगर म्हणतो, आणि रशियन माणूस त्यालाच अमेरिकन डोंगर म्हणतो. दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. उसाच्या पोटी साखर आली की उसाला कोण विचारतो!

अमेरिकेत हे प्रकरण गेलं ते समुद्रावर. १८८४च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसननं आपली स्विचबॅक रेल्वे सुरू केली. पाच सेंट तिकीट, ताशी सहा मैल वेग, आपल्या ई-रिक्षापेक्षाही कमी. थॉम्पसन धार्मिक वृत्तीचा, तरुण पोरांना दारूच्या गुत्त्यांपासून दूर ठेवणारी निर्मळ करमणूक त्याला हवी होती. पुढे तिथंच स्टीपलचेस, १९०३मध्ये लूना पार्क, १९०४मध्ये ड्रीमलँड उभी राहिली. आणि पार्क थंडीत बंद ठेवायचं ही रीत इथं पक्की झाली. कारण साधं होतं. लोक कोनी आयलंडवर यायचे ते उकाड्यातून सुटायला. डिसेंबरात अटलांटिकचा वारा खायला कोण येणार? मेअखेर उघडायचं, सप्टेंबरात गुंडाळायचं. कोपनहेगनचं टिव्होली १८४३पासून असंच उन्हाळी होतं.

या बंद महिन्यांत एक काम होई, ते म्हणजे दुरुस्ती. फळ्या बदलणं, रंग, वंगण, पोलादाची तपासणी. ड्रीमलँड जळालं तेही याच कामात, १९११च्या २७ मेच्या पहाटे, हंगाम उघडायच्या ऐन तोंडावर. 'हेल गेट' नावाच्या होड्यांच्या खेळात गळती बुजवायला गरम डांबर ओतत होते, तिथून आग लागली आणि अख्खं पार्क राख झालं. नरकाच्या दारातून आग लागली, असं कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकानं काटलं असतं.

बारा महिने पार्क ही कल्पना कॅलिफोर्नियाच्या हवेची. वॉल्ट डिस्नेनं १७ जुलै १९५५ला ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तिथं थंडी म्हणजे आपल्या पुण्याची थंडी. पण तेही सुरुवातीला गर्दी नसलेल्या महिन्यांत सोमवार-मंगळवार बंद असायचं. ही साप्ताहिक सुट्टी १९८५पर्यंत चालू होती. एवढ्या मोठ्या कंपनीलाही आठवड्याचा श्वास लागत होता. युरोपातल्या पार्कांनी थंडीकडे वळून पाहिलं ते फार उशिरा. टिव्होलीनं १९९४मध्ये नाताळासाठी दारं उघडली. दिवे, गरम वाइन, लाकडी टपऱ्या आणि त्यातच चालतील तेवढे पाळणे. जर्मनीतल्या युरोपा-पार्कनं काही वर्षांनी तेच केलं. म्हणजे बर्फातून निघालेला खेळ दोनशे वर्षं उन्हाळ्यात फिरून पुन्हा बर्फात आला.

आता दिल्ली.

दिल्लीतलं, आणि देशातलंही, पहिलं मोठं झुल्यांचं पार्क म्हणजे प्रगती मैदानातलं अप्पू घर. १९८२च्या आशियाई खेळांचा शुभंकर असलेल्या हत्तीच्या पिल्लाचं नाव त्याला मिळालं. शिकागोचा धागा इथं नीट जुळतो, कारण पाळणे आले ते प्रदर्शनाच्या कुशीत. प्रगती मैदानावर १९७२मध्ये 'एशिया ७२' भरलं आणि १९८०पासून व्यापार मेळा भरतो. फरक एवढाच की शिकागोनं आपलं प्रदर्शन ऑक्टोबरअखेर मिटवलं आणि दिल्ली आपलं नोव्हेंबरच्या १४ला मांडते. इथल्या माणसाला उन्हात फिरायची हौस येते ती दिवाळीनंतर. व्यापार मेळा, पुस्तकांचा मेळा, लोदी गार्डनच्या हिरवळीवर पसरलेल्या चादरी, सगळं थंडीतलं. मे महिन्यात त्याच हिरवळीवर चिटपाखरू नसतं.

अप्पू घर उघडलं ते १९ नोव्हेंबर १९८४ला, राजीव गांधींच्या हस्ते. तारीख इंदिराबाईंच्या वाढदिवसाची. त्यांची हत्या होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि मधल्या दिवसांत या शहरात शिखांचं जे हत्याकांड झालं त्याची राख निवली नव्हती. अशा महिन्यात मुलांसाठी पाळणे सुरू झाले. ज्यांनी त्या हिवाळ्यात आपली मुलं तिथं नेली असतील त्यांच्या मनात काय असेल याचा मी पुष्कळ विचार केला, आणि दर वेळी अर्ध्यावर सोडला. पुढची तेवीस वर्षं मात्र अप्पू घर म्हणजे दिल्लीच्या पोरांचं माहेर होतं. कोलंबसाचं डोलणारं जहाज ही त्यातली परमावधी. १७ फेब्रुवारी २००८ला ते बंद झालं. जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला गेली आणि तिथल्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं १७ जुलै २०१९ला, म्हणजे डिस्नेलँडच्या वाढदिवशी. जिथं मुलं उलटी होऊन किंचाळायची तिथं आता पक्षकार ताटकळतात.

मग थंडीत पार्क बंद, हे आमच्या आंटींच्या डोक्यात आलं कुठून? अप्पू घर तर थंडीच्या उंबरठ्यावरच उघडलं होतं. मला लागलेलं उत्तर असं की, ते पाण्यातून आलं.

मुंबईत १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. मार्व्याहून लाँचनं खाडी ओलांडायची आणि दिवसभर झुल्यांवर काढायचा. जवळजवळ दहा वर्षं हे कोरडंच होतं. मग १९९८मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं आणि गोराईला जाणं म्हणजे पिशवीत टॉवेल आणि कोरडे कपडे घेणं झालं. देशभर तेच झालं. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, आळशी नदी. दिल्लीत तर अप्पू घरातही पाण्याचं पार्क आलं, आणि आमच्या द्वारकेला सगळ्यात जवळचं, जुन्या गुडगाव रस्त्यावर कापसहेड्याचं फन अँड फूड व्हिलेज, ते तर लोकांच्या तोंडी पाण्यासाठीच. उत्तर भारताच्या उन्हाळ्यात ते बरोबरही होतं. ४५ अंशांत लोखंडी झुल्याच्या दांड्याला हात लावून बघा. पाणी नसतं तर एप्रिल ते जून पार्कवाल्यांनी तिकिटं विकली असती कुणाला? पण पाण्यानं कॅलेंडर उलटं केलं. ज्या पार्कात लोक पोहायला जातात ते पार्क डिसेंबरात ओसाड वाटणारच, आणि मग त्याच्या बाजूचा कोरडा पाळणाही थंडीच्याच खात्यात जमा होतो. महाराष्ट्रात तर याची पुढची पायरी झाली. खोपोलीच्या इमॅजिकात स्नो पार्क आहे. ज्या रशियनांच्या दारात बर्फ होता ते त्याच्यावर फुकट घसरले. आपण मे महिन्यात भाड्याचं जॅकेट चढवून, तिकीट काढून थंडी विकत घेतो, आणि खरी थंडी आली की घरी बसतो!

अर्थात दिल्लीची थंडी खोटी नाही. ८ जानेवारी २००६ला इथं पारा ०.२ अंशांवर उतरला होता. ३० डिसेंबर २०१९ला दिवसाचं कमाल तापमानच ९.४ होतं. तो दिवस मला आठवतो, दुपारी दोनला दिवे लावले होते आणि डोशाचं पीठ तिसऱ्या दिवशीही फुगलं नव्हतं. गारठ्यात यंत्रंही कुरकुरतात. रोलर कोस्टरची गाडी एकदा चढावर ओढून सोडली की पुढे तिला इंजिन नसतं, नुसत्या उतारावर मिळवलेल्या वेगावर ती फेरी पुरी करते. थंडीत बेअरिंगमधलं वंगण घट्ट होतं, चाकांची कृत्रिम रबरासारखी धाव कडक होते, घर्षण वाढतं, आणि गाडी मधल्याच एखाद्या खळग्यात अडकून पडू शकते. म्हणून थंड देशांतली पार्कं एकेका खेळाला किमान तापमान ठरवून देतात, त्याखाली तो खेळ बंद. पण दिल्लीचा जानेवारी सरासरीनं पाहिला तर दुपारचं तापमान विशीच्या आसपास असतं. पोलादाला त्यात काही होत नाही. अडचण आहे ती सकाळी अकरापर्यंतची आणि सूर्य मावळल्यावरची.

गारठ्यापेक्षा धुकं वाईट. पालमला तिसऱ्या श्रेणीची उपकरणं आहेत, ५० मीटरवरचं दिसत असलं तरी तयारीचा वैमानिक विमान उतरवतो. झुल्याच्या खांबाशी बसलेल्या पोराकडे असलं काही नसतं. त्याचे डोळे हेच त्याचं उपकरण. वरच्या डब्यातलं मूल उभं राहिलं का, कुणाचा मफलर बाहेर लोंबतोय का, हे त्याला खालून दिसलं पाहिजे. तेवढं दिसत नसेल तर चाक फिरवू नये, मग थंडी असो वा नसो.

आणि धुक्याहून वाईट हवा. २०१७पासून दिल्लीत प्रदूषणाच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. हवेचा निर्देशांक चढेल तसे बांधकाम, ट्रक, डिझेल जनरेटर यांच्यावर निर्बंध येतात, शाळा बंद होतात. जनरेटरची गोष्ट इथं महत्त्वाची, कारण मैदानावरचा पाळणा त्याच्यावरच फिरतो. द्वारकेत सेक्टर १०च्या मैदानावर रामलीला भरते. २०१९ आणि २०२३च्या दसऱ्याला पंतप्रधान तिथं रावण जाळायला आले होते. त्या दहा-बारा दिवसांत रामलीलेपेक्षा पाळण्यांपाशी गर्दी जास्त असते, आणि तो आमच्या पोरांचा वर्षातला खरा गड्डा. दसरा सरला की खांब उतरतात. मग शेतात जाळलेल्या पराळीचा धूर, दिवाळी, आणि मुलं खिडकीला नाक लावून बसतात. खरं सांगायचं तर दिल्लीत झुले बंद ठेवण्याजोगा महिना कोणता असेल तर तो नोव्हेंबर. त्याबद्दल बागेतल्या उन्हात कुणी बोलत नाही, कारण विषारी हवेत अंगाला थंडी वाजत नाही.

मला विचाराल तर पार्कं थंडीत उघडी असावीत, पण घड्याळ बदलून. अकराच्या आधी नको, पाचनंतर नको. पाण्याचा भाग कोरडा करून घासावा, एकेक मोठा झुला आळीपाळीनं बंद ठेवून त्याचे नटबोल्ट बघावेत. बारमाही पार्काला दुरुस्तीचा महिना कुठून मिळणार, हा आमच्या आंटींनी न मांडलेला पण त्यांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. तिकीट थोडं कमी करावं. ज्या दिवशी शाळा हवेमुळं बंद, त्या दिवशी पार्कही बंद.

शेवटी आम्ही गेलो. मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी, शेजारचे दोन भाऊ आणि मी. पार्कात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि मोठ्या चाकाचा वरचा अर्धा भाग धुक्यात गेलेला होता. डबे वर जाऊन नाहीसे झाले असते, पण चाक थांबलेलं होतं. कोस्टरच्या फाटकाशी दोन पोरं तसराळ्यातल्या निखाऱ्यांवर हात शेकत बसली होती. एकानं आमच्याकडे पाहून नुसतं आकाशाकडे बोट केलं. आम्ही शकरकंदी घेतली. लिंबू पिळून, काळं मीठ लावून, द्रोणातून. अर्ध्या तासानं पहिलं विमान ऐकू आलं, मग लगेच दुसरं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

पोरगा उठला. जुन्या चादरीच्या तुकड्यानं त्यानं एकेक सीट पुसली. दव इतकं होतं की चादर दोनदा पिळावी लागली. मग गाडी रिकामी सोडली. ती वर गेली, खडखडत खाली आली, फेरी पुरी करून फलाटाशी थांबली. त्यानं वाकून चाकाला तळवा लावला, पुन्हा सोडली. पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदाही. माझ्या मागचा एक बाप म्हणाला, "भैया, हमें भी बिठाओगे?" पोरगा काही बोलला नाही. चौथ्या फेरीला त्यानं साखळी काढली.

मुलं बसली, पण मांडीवरचा दांडा खाली येईना. फुगलेल्या जॅकेटांवर तो अडत होता. "जैकेट उतारो. मफलर भी. टोपी भी." पाची जणांनी कुरकुरत सगळं काढलं, आणि तो सगळा ढीग त्यानं फाटकावरून माझ्या हातांत दिला. पाच जॅकेटं, चार मफलर, तीन माकडटोप्या, अजून उबदार. गाडी चढाला लागली तेव्हा मला ती वर जाताना दिसलीच नाही, हनुवटीपर्यंत लोकर होती.